अन्नवस्त्र आणि अंश

प्रत्येक भाषेत काही गावांची नावे अशी असतात की, ती उच्चारताच त्या गावाऐवजी दुसरेच काही तरी मनापुढे उभे राहते. मराठीत ठाणे आणि येरवडा ही अशी नावे होत. विदर्भात तो मान नागपूरकडे जातो, कोकणात रत्नागिरीकडे. कोणी जरा विक्षिप्त बोलला की "याला ठाण्यास पाठवा" असे म्हणून चारचौघे हसतात, आणि ज्याला पाठवावयाचे तोही हसतो. या चारही ठिकाणी सरकारी मनोरुग्णालये आहेत. ठाण्याचे १९०१ सालापासूनचे आहे. येरवड्यास मनोरुग्णालय आणि तुरुंग ही दोन्ही एकाच वस्तीत असल्यामुळे थट्टा करणाराच्या मनात त्यांतील नेमके कोणते असते, हे पुष्कळदा त्यालाही सांगता यावयाचे नाही.

या थट्टेबद्दल नाक मुरडावे असा आमचा उद्देश नाही. लोक ज्याला भितात त्याचीच थट्टा करितात, आणि भीती घालविण्याचा तो एक जुना उपाय आहे. आम्हांस लक्षात आणून द्यावयाची गोष्ट वेगळी आहे. या सर्व वाक्प्रचारांत मनुष्य जातो. परत येत नाही. पाठविणे, नेऊन टाकणे, भरती करणे अशी क्रियापदे आपणापाशी मुबलक आहेत. पण तेथून बरा होऊन घरी आलेल्या मनुष्याविषयी बोलावयाचे झाले, तर आपली भाषा एकाएकी मुकी होते. परगावी गेलेला मनुष्य 'परततो', तुरुंगातून 'सुटतो', इस्पितळातून 'बरा होऊन येतो'. मनोरुग्णालयातून आलेल्या मनुष्याबद्दल मात्र आपण आवाज खाली करून "सध्या घरीच असतो" एवढेच म्हणतो. या 'सध्या'मध्ये जे काही भरलेले आहे, त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रश्न थोडक्यात असा: मनाच्या आजारातून उठून जो मनुष्य आपल्यात परत येतो, त्याचे आपण काय देणे लागतो? त्याला घरात घेणे ही दया आहे, की ते त्याचे येणे आहे? आणि येणे असेल, तर ते नेमके किती?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. मनोरुग्णालय म्हणजे एकेरी रस्ता, ही समजूत एके काळी अगदीच निराधार नव्हती. १९१२ सालच्या कायद्यात रुग्णाला 'ल्यूनॅटिक' म्हणत, आणि त्या कायद्याचे सारे लक्ष अशा मनुष्यास आत कसे ठेवावे व बाहेरच्या जगाचे त्याच्यापासून रक्षण कसे करावे याकडे होते. तो कायदा स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे चालू राहिला. १९८७ साली नवा कायदा संमत झाला व १९९३ मध्ये अमलात आला. दरम्यान वैद्यकात मोठे स्थित्यंतर झाले होते. १९५२ साली क्लोरप्रोमॅझीन हे औषध वापरात येऊ लागले, त्यामागून इतर औषधे आली, आणि ज्या भ्रमांपुढे व भासांपुढे वैद्य हात टेकीत ते पुष्कळ अंशी आवरता येऊ लागले. आज मनोरुग्णालयात जाणारांपैकी बहुतेकांचा मुक्काम काही आठवड्यांचा असतो. आजार कित्येकांच्या बाबतीत मधुमेहासारखा सोबत राहतो, औषध दीर्घकाळ घ्यावे लागते, मधून मधून तोल जातो. परंतु मधुमेही मनुष्य ज्याप्रमाणे घरी राहून संसार करितो, त्याप्रमाणे हाही करू शकतो.

असे असून २०१९ साली देशातील ४३ सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी झाली, तेव्हा तेथील रुग्णांपैकी एकतृतीयांशाहून अधिक माणसे एक वर्षापेक्षा अधिक काळ आतच राहिलेली आढळली. त्यांतील कित्येकांची वर्षे दहा-वीसच्या पुढे गेली होती. या सर्वांनाच आत ठेवण्याजोगा आजार होता असे नव्हे. पुष्कळांच्या बाबतीत अडचण एवढीच होती की, त्यांना न्यावयास कोणी आले नाही. कोठे पत्ता खोटा दिलेला, कोठे घर बदललेले, कोठे भाऊ येऊन भेटून गेला; पण 'घेऊन जातो' हे शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो २०१८ पासून अमलात आहे, या स्थितीवर नेमके बोट ठेविले. त्याच्या एकोणिसाव्या कलमाचा आशय असा की, मानसिक आजार असलेल्या प्रत्येक व्यक्तीस समाजात राहण्याचा, समाजाचा घटक असण्याचा आणि त्यापासून वेगळे न काढले जाण्याचा हक्क आहे. तिला कुटुंब नाही, किंवा कुटुंब तिचा स्वीकार करीत नाही, किंवा तिला घर नाही, किंवा बाहेर योग्य सोय नाही, एवढ्याच कारणावरून तिला रुग्णालयात ठेवून घेता यावयाचे नाही. कायद्याने आपले काम केले. पण हक्क कागदावर उमटला म्हणजे तो उंबरठा ओलांडतोच असे नाही. उंबरठ्याच्या आतील व्यवहार कायद्यापेक्षा जुन्या समजुतींनी चालतो, आणि म्हणून त्या समजुतींचेच मूळ थोडे खणून पाहिले पाहिजे.

आमच्या धर्मशास्त्रकारांनी या प्रश्नाचा विचार दायविभागाच्या प्रकरणात केलेला आहे. मनूने उन्मत्त मनुष्यास वारसाहक्कातून वगळले. याज्ञवल्क्यानेही तसेच केले. मात्र दोघांनीही त्याला अन्नवस्त्र द्यावे असे बजाविले आहे. याज्ञवल्क्याने अशा माणसांसाठी जी दोन विशेषणे योजिली आहेत ती ध्यानात ठेवण्याजोगी आहेत: ती माणसे 'भर्तव्य' आहेत आणि 'निरंशक' आहेत. भर्तव्य म्हणजे ज्यांचे भरणपोषण केलेच पाहिजे अशी. निरंशक म्हणजे ज्यांना अंश, वाटा, नाही अशी. त्या काळाच्या मानाने यात क्रौर्य नाही, उलट एक प्रकारची जबाबदारी आहे. वेड्याला रानात हाकलून द्या असे शास्त्र म्हणत नाही. त्याला जेवू घाला, नेसू द्या. पण घराच्या कारभारात, मिळकतीत व निर्णयात त्याला धरू नका, असे म्हणते.

यापुढची गोष्ट मात्र फारशी कोणाच्या लक्षात नसते. याज्ञवल्क्यस्मृतीवर विज्ञानेश्वराने बाराव्या शतकाच्या प्रारंभीच्या काळात कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात जी मिताक्षरा टीका लिहिली, आणि जी आपल्या महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या प्रमाण मानली गेली, तीत या नियमास दोन मर्यादा घातल्या आहेत. पहिली अशी की, वाटणी झाल्यावर जर एखाद्यास असा दोष उत्पन्न झाला, तर त्याला मिळालेला वाटा काढून घेता येत नाही. दुसरी याहून महत्त्वाची. वाटणीच्या वेळी दोष होता म्हणून ज्याला वगळले, तो पुढे औषधादि उपायांनी बरा झाला, तर त्याला त्याचा अंश मिळालाच पाहिजे. आणि तो कसा, तर वाटणीनंतर जन्मलेल्या पुत्रास ज्या न्यायाने मिळतो त्या न्यायाने.

सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच्या या टीकाकाराला औषधाने वेड बरे होते हे गृहीत धरता आले, आणि बरे झालेल्याचे पुढे काय हा प्रश्नही सुचला, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. त्याहूनही त्याने दिलेली उपमा अर्थपूर्ण आहे. वाटणीनंतर जन्मलेला मुलगा म्हणजे काय? घराची दालने वाटली गेली, शेताचे बांध घातले गेले, भांडी मोजून झाली. सारे आपापल्या वाट्यात स्थिरावले, आणि मग एक नवा जीव आला. त्याची कोणी अपेक्षा केली नव्हती. त्याच्यासाठी झालेली मांडामांड पुन्हा हलवावी लागते, आणि ती हलविण्याचा त्रास सर्वांना होतो. पण म्हणून त्याचा हक्क बुडत नाही.

कायद्याच्या अंगाने या प्रश्नाचा निकाल पुढे लागला. १९२८ च्या कायद्याने जन्मजात वेड व जडबुद्धी एवढेच अपवाद ठेवून वारसाच्या बाकीच्या अपात्रता काढून टाकल्या, आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने कोणत्याही रोगावरून वा व्यंगावरून वारसा नाकारता येणार नाही असे ठरविले. मिळकतीपुरते आज निरंशक कोणी उरले नाही. परंतु मिळकत हा घरातील वाट्यांपैकी एकच, आणि तोही सर्वांत दृश्य असा, वाटा होय. जे वाटे दस्तऐवजात लिहिले जात नाहीत त्यांच्या बाबतीत आपण अद्यापि याज्ञवल्क्याच्याच काळात आहो. विज्ञानेश्वरापर्यंतही पोहोचलेलो नाही. परत आलेल्या मनुष्यास आपण अन्नवस्त्र देतो. अंश देत नाही.

हे कसे, ते एखाद्या सुशिक्षित, सज्जन, मध्यमवर्गीय घराकडे पाहिले म्हणजे कळेल. दुष्ट घराचे उदाहरण घेण्यात अर्थ नाही. तेथे प्रश्नच नसतो. मोठा मुलगा सहा महिन्यांनी रुग्णालयातून घरी आला आहे. आई त्याच्या आवडीचे करून वाढते, वडील औषधाच्या वेळा सांभाळतात, धाकटा भाऊ त्याच्याशी गोड बोलतो. उणे काहीच नाही. पण त्याच्या खोलीत आता धाकट्याचे टेबल आले आहे. घराची किल्ली पूर्वी त्याच्यापाशी असे, ती आता नसते. स्वयंपाकघरातील विळी-सुरी जागेवरून हलली आहे, आणि ती का हलली हे त्याला न विचारता कळलेले आहे. आत्याच्या आजारपणाची बातमी त्याच्यापासून लपविली जाते. बहिणीसाठी स्थळ पाहावयास पाहुणे येणार असले की, त्याला त्या दिवशी मामांकडे धाडण्यात येते. बाजारातून आणावयाची यादी त्याच्या हाती कोणी देत नाही. तो काही बोलू लागला तर सर्वजण जरा जास्तच लक्षपूर्वक ऐकतात, आणि ते ऐकणे त्याच्या म्हणण्याकडे नसून त्याच्या बोलण्याच्या वेगाकडे आहे, हे त्याच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही.

सर्वांत मोठी वंचना रागाच्या बाबतीत होते. घरातील इतर कोणी चिडले तर त्याला कारण असते. तो चिडला तर त्याला लक्षण म्हणतात. भाजीत मीठ जास्त पडले म्हणून धाकट्याने ताट सरकविले तर आई म्हणते, "आज फार दमलाय." तेच थोरल्याने केले की वडील आईकडे पाहतात आणि हळूच विचारतात, "गोळी घेतली होती ना?" ज्या मनुष्याचा राग, दुःख, आळस, अति आनंद यांपैकी काहीही त्याचे स्वतःचे म्हणून स्वीकारले जात नाही, त्याच्यापाशी स्वतःचे असे उरले काय? मिळकतीतून वगळलेला मनुष्य निदान मनाने तरी आपला धनी असे. याला त्याच्या मनाच्या मिळकतीतूनच बेदखल केलेले आहे.

स्त्रीची गोष्ट याहून कठीण आहे. पुरुष निदान आपल्या आईवडिलांच्या घरी परततो. विवाहित स्त्री रुग्णालयातून निघाली की तिने कोठे परतावयाचे, हाच पहिला वाद असतो. सासर म्हणते, "आजार माहेरचा आहे, आमच्यापासून लपविला", माहेर म्हणते, "दिल्या घरी सुखी राहा." १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात गंभीर व बरे न होणारे मनोवैकल्य हे घटस्फोटाचे एक कारण मानलेले आहे, त्या तरतुदीची आवश्यकता क्वचित असेलही. पण घटस्फोटावाचूनही जे नाते व्यवहारात तोडले जाते, त्याची दाद कोणत्याच न्यायालयात लागत नाही. तिची मुले तिच्याजवळ झोपेनाशी होतात, कारण त्यांना तसे शिकविलेले असते. हळदीकुंकवाचे बोलावणे जावेला येते, तिला येत नाही. चूल तिच्या हातून गेलेली असते; आणि आपल्याकडील संसारात जिच्या हातून चूल गेली तिच्या हातून काय गेले, हे वाचक भगिनींस निराळे सांगावयास नको.

येथे कोणी म्हणेल की, हे सारे बोलणे ठीक आहे, पण ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्यालाच ठाऊक. आजाराच्या भरात याच मुलाने रात्री-अपरात्री घर डोक्यावर घेतले होते, बापावर हात उगारला होता, पैसे उधळले होते. त्या घराने रात्री जागून काढल्या आहेत, कर्ज काढले आहे, शेजाऱ्यांपुढे मान खाली घातली आहे. आता विळी लपविली तर त्यात गैर ते काय? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला उडवून लावणे हा त्या घरावर दुसरा अन्याय होईल. सेवा करून थकलेल्या मनुष्याची भीती ही दुष्टाची भीती नव्हे. शिवाय औषधाची टाळाटाळ झाली तर आजार उलटतो, हेही खरे आहे. जागरूकता नको असे आमचे म्हणणे नाही.

परंतु जागरूकता आणि पहारा यांत भेद आहे, आणि तो भेद केवळ सद्‌भावनेचा नसून आरोग्याचाही आहे. १९५८ साली लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन व त्यांचे सहकारी यांनी रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. आईबापांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्यांपेक्षा, भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहावयास गेलेल्यांची प्रकृती अधिक टिकली. पुढे १९७२ पर्यंतच्या त्यांच्या अभ्यासातून याचे कारण उलगडले. ज्या घरांत रुग्णावर सतत टीका होते किंवा त्याचा मनातून राग केला जातो, त्या घरांत आजार अधिक वेळा उलटतो. आणि ज्या घरांत त्याची अतोनात काळजी वाहिली जाते, श्वासागणिक त्याच्याकडे पाहिले जाते, तेथेही तो उलटतो. म्हणजे दूषण जितके अपायकारक तितकेच अतिलालनही. पुढे चंडीगडमधील कुटुंबांचा असाच अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला, त्यात लंडनच्या मानाने आपल्याकडील घरांत टीकेचे प्रमाण पुष्कळ कमी आढळले. याचा अभिमान बाळगावयास हरकत नाही. पण काळजीने माणसास गुदमरून टाकण्याच्या कलेत आपण कोणास हार जाऊ, असे आम्हांस वाटत नाही.

तेव्हा अंश देणे हा घराच्या सुरक्षिततेवर टाकलेला बोजा नसून तिचाच एक उपाय आहे. अंश म्हणजे सर्व काही एकदम त्याच्या हवाली करणे नव्हे. मिताक्षरेतील त्या पुत्रालाही जमाखर्च पाहूनच वाटा मिळतो. अंश म्हणजे घरातील एखादे असे काम, जे त्याने न केल्यास अडेल. एखादी अशी रक्कम, जिचा हिशेब त्याने द्यावा पण परवानगी मागू नये. बरीवाईट बातमी इतरांबरोबर ऐकण्याचा मान. आणि चुकण्याची तेवढीच मुभा जेवढी घरातील इतरांस आहे. आजाराच्या बाबतीतही त्याचा अंश आहे. २०१७ च्या कायद्याने प्रत्येक सज्ञान व्यक्तीस, आपण पुढे आजारी पडलो तर कोणते उपचार व्हावेत व कोणते होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवण्याचा आणि आपल्या वतीने बोलणारा मनुष्य स्वतः नेमण्याचा अधिकार दिला आहे. बरे असताना घरातल्यांनी त्याच्यासह बसून, "तोल जाऊ लागल्याची खूण कोणती, आणि तेव्हा आम्ही काय करावे असे तुला वाटते?" हे विचारले, तर पहाऱ्याचे रूपांतर करारात होते. लपविलेल्या सुरीपेक्षा असा करार घराचे रक्षण अधिक चांगले करितो.

तथापि हे सर्व घरावरच टाकून मोकळे होणे हा समाजाचा नेहमीचा पळपुटेपणा आहे. घर हा शब्द उच्चारताना आपण बहुधा एका थकलेल्या आईविषयी बोलत असतो. ती मेल्यावर काय, हा प्रश्न तिला रोज रात्री पडतो. आणि ज्याला घरच नाही त्याने काय करावे? अमेरिकेचा अनुभव येथे बोधप्रद आहे. १९५५ साली तेथील सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. १९६३ साली अध्यक्ष केनेडी यांनी गावोगावी मानसिक आरोग्याची केंद्रे काढण्याच्या कायद्यावर सही केली, आणि पुढील तीन दशकांत रुग्णालयांतील संख्या लाखाच्याही खाली आली. दारे उघडली, पण योजलेल्या केंद्रांपैकी पुष्कळशी उभीच राहिली नाहीत. परिणामी बाहेर पडलेल्यांपैकी कित्येक रस्त्यांवर आले आणि कित्येक तुरुंगांत गेले. दार उघडणे व परत घेणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे त्या राष्ट्रास फार महागात कळले.

याच्या उलट उदाहरण इटलीतील त्रिएस्ते नगराचे. फ्रांको बसाल्या हे डॉक्टर १९७१ साली तेथील मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले, तेव्हा आत सुमारे बाराशे माणसे होती. रुग्णालयातील झाडलोट व धुणेपाणी रुग्णांकडून 'उपचार' म्हणून फुकट करून घेतले जाई. बसाल्यांच्या काळात त्याच रुग्णांची सहकारी संस्था स्थापन झाली आणि त्याच कामाचे तिला रीतसर वेतन मिळू लागले. काम तेच, माणसे तीच. पण काल जो भर्तव्य होता तो आज अंशाचा धनी झाला. पुढे नगरात ठिकठिकाणी केंद्रे निघाली, राहावयास घरे मिळाली, आणि १९७८ साली इटलीने कायदाच करून जुन्या पद्धतीच्या मनोरुग्णालयांत नवे रुग्ण घेणे थांबविले. बेल्जियमातील खेल या गावी तर शतकानुशतके सामान्य कुटुंबे परक्या मनोरुग्णांस आपल्या घरी ठेवून घेत आली आहेत. १९३८ च्या सुमारास अशा पाहुण्यांची संख्या साडेतीन हजारांवर गेली होती. आज ती फार घटली असली तरी प्रथा सुटलेली नाही. घरमालकास त्याचा मोबदला मिळतो, आणि पाहुणा घरच्या कामास हात लावतो. तेथे कोणी कोणावर उपकार करीत नाही, म्हणूनच ती रीत इतकी टिकली असावी.

आपल्याकडेही या दिशेने वाट पाडणारे झाले आहेत. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात रुग्णांच्या नातलगांस आवारातच तंबू ठोकून राहावयास लाविले. हेतू हा की, रुग्ण आणि घर यांच्यामध्ये वाटणी होऊच नये. म्हणजे पुन्हा सांधण्याची वेळ येणार नाही. चेन्नईची 'द बॅनियन' ही संस्था २०१५ पासून, ज्यांना घर नाही अशा चार-पाच जणींना सामान्य वस्तीत भाड्याचे घर घेऊन देते व त्या तेथे आपला संसार मांडतात. आपल्या कर्जतजवळ डॉ. भरत वाटवानी यांची 'श्रद्धा' ही संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांस उचलून आणते, बरे करिते आणि देशाच्या कानाकोपऱ्यातील त्यांचे गाव शोधून त्यांना घरी पोहोचविते. या कार्याबद्दल २०१८ साली त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. ज्याला मेलेला समजून घराने आशा सोडली होती तो दारात उभा राहतो, याहून 'वाटणीनंतरचा जन्म' आणखी कोणता असावयाचा?

पण दारात उभे करणे एवढेच संस्थेच्या हाती आहे. पुढचे शेजाऱ्यांच्या, मालकांच्या, घरे भाड्याने देणारांच्या, म्हणजे तुमच्या आमच्या हाती आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ज्या गटासाठी शेकडा एक जागा राखली आहे त्यात मानसिक आजारही समाविष्ट आहे. परंतु अर्जात हा आजार लिहावयाचे धैर्य किती जणांस होईल, आणि लिहिलेला वाचून किती अधिकारी निर्विकार राहतील? खोली पाहावयास आलेल्या तरुणाच्या खिशातील औषधाची चिठ्ठी दिसली, तर किती घरमालक बोलणे पूर्वीच्याच स्वरात पुढे चालवतील? या प्रश्नांची उत्तरे सभांतून द्यावयाची नसतात.

आपल्या परंपरेत वेड्याला जागा होती, असे अभिमानाने सांगण्यात येते, आणि पुरावा म्हणून महानुभावांच्या गोविंदप्रभूंकडे बोट दाखविण्यात येते. तेराव्या शतकात ऋद्धिपुरात हे पुरुष कोणाच्याही घरात शिरत, मनास येईल ते खात, मनास येईल तसे वागत; आणि गावाने त्यांना सांभाळले, इतकेच नव्हे तर त्यांना आईबापांच्या ठिकाणी मानले. म्हाइंभटाने लिहिलेले त्यांचे चरित्र वाचताना त्या गावाच्या सोशिकतेचे आश्चर्य वाटते. परंतु या उदाहरणाचा आधार जपून घ्यावा. गोविंदप्रभू भक्तांच्या दृष्टीने ईश्वर होते. त्यांचे वेड ही लीळा होती. ज्याचे वेड ही लीळा नाही, निव्वळ आजार आहे, अशा शेजारच्या सामान्य मनुष्याने काय करावे? आपण वेड्यास एक तर अवधूत करून पायां पडतो, नाही तर कैदी करून कुलूप घालतो. दोन्ही रीतींत आपण त्याला आपल्या पंक्तीतून उठवितो. त्याला शेजारी करणे तेवढे आपल्याकडून राहून जाते.

कुलुपाची परिसीमा कोठे होते ते तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दिसून आले. दर्ग्याच्या आश्रयाने चाललेल्या एका खाजगी निवासात मनोरुग्णांस साखळदंडाने बांधून ठेवलेले होते. पहाटे आग लागली. बांधलेले पळू शकले नाहीत, आणि पंचविसांहून अधिक जीव जळून गेले. त्यांना तेथे आणून ठेवणारे बहुतेक त्यांचे आप्तच होते, आणि श्रद्धेनेच त्यांनी आणले होते. त्यांच्या भरणपोषणाची व्यवस्था होती, पैसे भरलेले होते. शास्त्राच्या भाषेत ती माणसे पूर्णपणे भर्तव्य होती. निरंशक मनुष्याचे अन्नवस्त्र शेवटी कोठवर पुरते, याचे याहून भयंकर उत्तर मिळावयाचे नाही.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. परत आलेल्या मनुष्यास घेणे ही दया की देणे? दयेचा आम्ही अनादर करीत नाही. अनेक घरे तिच्याच बळावर उभी आहेत. पण दयेचा एक दोष असा की, ती देणाराच्या मनःस्थितीवर अवलंबून असते, आणि घेणाराने सदैव कृतज्ञ राहावे अशी तिची अपेक्षा असते. जो मनुष्य आपल्याच घरात, आपल्याच भावाबहिणींत, प्रत्येक घासाबद्दल कृतज्ञ राहण्यास बांधलेला आहे, तो परत आला असे म्हणता येत नाही. तो पाहुणा आहे, आणि फार दिवस राहिलेला पाहुणा आहे. देण्याची गोष्ट वेगळी. देणे फेडून घेणारा ताठ मानेने बसतो, आणि फेडणाराही मोकळा होतो.

विज्ञानेश्वराच्या त्या पुत्राला कोणी विचारीत नाही की, तू उशिरा का आलास, किंवा वाटणीच्या वेळी तू कोठे होतास. त्याने काही कमावून दाखवावे, पुन्हा तसे होणार नाही याची हमी द्यावी, मग पाहू, असेही त्याला कोणी म्हणत नाही. तो त्या कुळातला आहे, एवढे पुरे होते. मनोरुग्णालयाच्या दारातून बाहेर पडणाऱ्या स्त्रीपुरुषांचे कूळ कोणते, हे ज्या दिवशी आपणांस नीट उमगेल, त्या दिवशी त्यांच्या परत येण्यासाठी आपल्या भाषेत एखादे साधे क्रियापदही सापडेल. तोपर्यंत किल्ली, काम, बातमी आणि रागावण्याची मोकळीक, या लहान लहान वाट्यांपासून प्रारंभ करावयास कोणाचीच आडकाठी नाही.